ओलिंदाच्या घरची पेज

"पण चूक कुठं आहे, ते तरी सांगा ना, सर."

"चूक नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग देऊ ना प्रबंध?"

कुबल सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काजूची झाडं होती. त्यांच्या पलीकडे समुद्र असावा, कारण गाज ऐकू येत होती.

"नको," ते म्हणाले.

शाल्मली देवस्थळीला वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही. सर म्हातारे झालेत, प्रश्नच कळला नसेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण सरांचा चेहरा असा काही स्वच्छ होता, की तो विचार तिचा तिलाच लाजवून गेला.

आता ही शाल्मली काही अशीतशी मुलगी नव्हे हं. पोर्तुगीज घेऊन एम.ए. करणारी, वर्गात कायम पहिली. बोलायला लागली की लिस्बनहून आलेल्या बाईसुद्धा विचारायच्या, तू आमच्याकडे कुठल्या गावी वाढलीस? नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी तिचा एखादा शब्द सुधारला, तर त्या माणसाची काही धडगत नसायची, कारण शब्द बरोबर तिचाच निघायचा. तिला मित्रमैत्रिणी कमी होत्या. त्याचं तिला फारसं वाईट वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची.

पण या एका माणसापुढं ती जमिनीवर चटई टाकून बसली होती.

विभागात तशी रीतच होती. नियमांत कुठं लिहिलेली नव्हती, तरी सगळे पाळायचे. पोर्तुगीजमधून मराठीत भाषांतर करून कुणी प्रबंध म्हणून देणार असेल, तर त्यानं आधी वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या या गावी यायचं आणि कुबल सरांना ते वाचून दाखवायचं. सर निवृत्त होऊन जमाना झाला होता. त्यांची सही कुठंही लागत नव्हती. तरी येणारा यायचा. तो खाली चटईवर, सर वर खुर्चीत. सरांच्या मांडीवर मूळ पोर्तुगीज पुस्तक, तेही मिटलेलं. ऐकता ऐकता काही खटकलं की सरांच्या उजव्या हाताचं बोट वर व्हायचं. सर बोलायचे नाहीत. काय चुकलं ते ज्याचं त्यानं हुडकायचं.

त्या बोटाच्या गोष्टी वसतिगृहात भुताच्या गोष्टींसारख्या सांगितल्या जायच्या. एका बिचाऱ्याचं तर म्हणे पुस्तकाच्या नावालाच बोट वर झालं, आणि तो तसाच उठून स्टँडवर गेला!

शाल्मलीनं अख्खी कादंबरी वाचून दाखवली. काल दुपारी अर्धी, आज उरलेली. बोट वर झालं नाही. एकदाही नाही. असं आजवर कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. शेवटचं पान संपलं तेव्हा ती घामानं न्हाली होती आणि आतून हसत होती.

आणि आता हे 'नको'.

"सर, उद्या शेवटची तारीख आहे," ती म्हणाली. आवाज खाली ठेवायला तिला कष्ट पडले. "उद्या प्रबंध गेला नाही, तर पदवी लांबणार. पदवी लांबली, तर लिस्बनची पीएच.डी.ची जागा गेली. त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलीय. पुन्हा नाही मिळायची."

"मग दे की."

"आत्ता तर नको म्हणालात!"

"तू मला विचारलंस, म्हणून मी सांगितलं. मला विचारायचा नियम कुठं आहे?"

खरं होतं ते. ती आत्ता उठली असती, संध्याकाळची बस धरली असती, सकाळी प्रबंध विभागात ठेवून मोकळी झाली असती. कुणी हूं की चूं केलं नसतं.

पण ते तिला जमणारं नव्हतं. कारण सांगते तुम्हाला. पहिल्या वर्षी, नुकती मुळाक्षरं झाली होती तेव्हा, सर एकदा पाहुणे म्हणून वर्गात आले होते. त्यांनी व्याख्यान वगैरे दिलंच नाही. पोर्तुगीजमधलं एक पान तोंडपाठ म्हटलं आणि निघून गेले. शाल्मलीला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तरी तिला खात्रीनं कळलं होतं, की यात कुणीतरी कुणाला तरी शेवटचं भेटतंय. ती त्या दिवशी घरी न जाता विद्यापीठाच्या पायरीवर बसून राहिली होती. हे शिकायचं, मरेस्तोवर हेच शिकायचं, असं तिनं तिथं ठरवलं होतं. पदवीचा कागद कुणीही दिला असता. 'हो' मात्र तिला याच माणसाकडून हवं होतं.

म्हणून तर तिचं डोकं फिरलं.

"ही कादंबरी तुम्ही जन्मभर शिकवलीत," ती म्हणाली. "तुमच्याइतकी ती कुणाला येत नाही. मग तुम्ही स्वतः का नाही आणलीत मराठीत?"

बोलून गेली आणि तिला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

सर मात्र रागावले नाहीत.

"आणली ना," ते म्हणाले. "एका जागी अडलो."

"कुठं?"

"तुझं सगळ्यात चांगलं पान कुठलं झालंय, असं वाटतं तुला?"

"ओलिंदाचं," ती लगेच म्हणाली.

"ते परत वाच."

कादंबरी एका कोळीवाड्याची. तिथले गडी वर्षातले कित्येक महिने उत्तरेच्या बर्फाळ दर्यात मासेमारीला जातात. ओलिंदा ही म्हातारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा टोमे त्या जहाजावर आहे. जहाज परततं, आणि जहाजाचा कप्तान एकटाच, टोपी हातात घेऊन, ओलिंदाच्या दारात येतो. तो काय सांगायला आलाय, हे त्याला बघताक्षणी तिला कळतं. वाचणाऱ्यालाही कळतं. पण ती त्याला तोंड उघडू देत नाही. आधी जेव म्हणते.

शाल्मली वाचू लागली. तिचा आवाज छान होता, आणि ते तिला ठाऊक होतं.

"'कप्तानाने ताटली रिकामी केली. ओलिंदाने ती उचलली, धुतली आणि फळीवर उभी करून ठेवली. मग तिने एप्रनला हात पुसले, त्याच्या समोरच्या बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवले. "आता सांगा," ती म्हणाली.'"

ती थांबली. 

"हे शेवटचं वाक्य करायला किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"कसला वेळ, सर? चहा गाळता गाळता झालं. दोन तर शब्द आहेत. पोर्तुगीजमध्येही दोनच. यात अडण्यासारखं काय आहे?"

"तेच तर."

"म्हणजे तुम्ही इथं अडलात? या वाक्यावर?"

सरांनी मिटलेल्या पुस्तकावरून हात फिरवला.

आणि मग शाल्मलीनं ते केलं, जे आजवर त्या घरात कुणी केलं नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"मग आज तुम्ही ऐकवा, सर. बोट मी धरते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम गंमत चमकली. जणू कित्येक वर्षं ते याचीच वाट बघत होते, आणि आजवरचे सगळे नंदीबैलासारखी मान डोलावून परत गेले होते.

"बस खुर्चीत," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ते खाली चटईवर बसले. शाल्मलीला कसंनुसं झालं. पण ती बसली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आपला उजवा हात तिनं खुर्चीच्या हातावर ठेवला, अगदी सरांसारखा.

सरांनी डोळे मिटले.

"नाखवा दारात इलो," ते म्हणाले.

बोट वर.

सर बोलता बोलता कधी मालवणीत गेले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. पण पुस्तकात कप्तान होता. हिमसागरातल्या मोठ्या जहाजाचा कप्तान तो, वेंगुर्ल्याच्या होडीवरचा नाखवा कसा होईल? तिचं बोट बरोबर होतं. सरांनी डोळे उघडलेच नाहीत, त्यामुळे ते त्यांना दिसलं नाही.

"हातात टोपी. म्हातारीनं त्येच्याकडे बघितल्यान. टोपीकडे बघितल्यान. 'इलंस?' म्हणाली. 'ये. बस. भूक लागली आसतली.'"

बोट पुन्हा वर. मूळ पुस्तकात भुकेचा शब्द नव्हता.

"तो म्हणालो, 'ओलिंदाबाय…' ती म्हणाली, 'आधी जेव.' आणि तिनं पेज वाढल्यान."

पेज! शाल्मलीचं बोट तिसऱ्यांदा वर गेलं, ते जरा जोरातच. पुस्तकात कोबीचं सार होतं. तिनं त्यावर चांगली टीप लिहिली होती, पोर्तुगालच्या उत्तरेकडे ते कसं करतात, त्यात काय काय घालतात. पेज कुठली आली तिथं?

सर सांगत राहिले. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. शेजारच्या घरातली काल घडलेली गोष्ट सांगावी, तसं सांगत राहिले.

नाखवा जेवू लागला. त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली. म्हातारी समोर बसली नाही. उभीच राहिली. बोलत राहिली. कोंबडी खुडूक बसलीय म्हणाली. परसातल्या कुंपणाची वई मोडलीय, ती नीट करायला हवी म्हणाली. कोण करणार ते म्हणाली नाही. मीठ कमी झालंय काय रे, विचारलं. त्यानं मान हलवली. त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण तो जेवत होता. तिनं वाढलं होतं ना.

आणि तो सावकाश जेवत होता.

शाल्मलीला हे पान पाठ होतं. कुठला शब्द कुठल्या ओळीत आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तो सावकाश का जेवतोय, हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. त्यालाही संपवायचं नव्हतं! वाटी संपली की सांगावं लागणार. बाईला ते ठाऊक होतं, त्याला ते ठाऊक होतं, आणि दोघं मिळून ती एक वाटी पेज पुरवून पुरवून खात होते.



तिला म्हातारी दिसायला लागली. नुसती दिसली असं नाही, तिच्या चुलीचा धूरही डोळ्यांत गेला. फळीवर उलटी ठेवलेली एक जास्तीची वाटी होती. ती टोमेची. पुस्तकात त्या वाटीचा उल्लेख होता का? शाल्मलीला आठवेना. मांडीवरचं पुस्तक उघडून बघावं, हेही सुचेना. तिचा उजवा हात कधीच खुर्चीच्या हातावरून घसरून मांडीवर पडला होता आणि डाव्या हातात गच्च धरला गेला होता.

"वाटीत तळाक थोडी पेज उरली," सर म्हणाले. "त्येनं वाटी खाली ठेवल्यान. म्हातारी पुढं इली. वाटीत बघितल्यान…"

शाल्मली खुर्चीत पुढं झुकली.

"'आणखी वाढू?' म्हणाली."

हे पुस्तकात नव्हतं. मुळीच नव्हतं! पुस्तकात म्हातारी ताटली उचलते, धुते, फळीवर ठेवते. दुसरं वाढप पुस्तकात कुठंच नव्हतं, आणि इथं तर बोट छताला लागेल इतकं वर जायला हवं होतं.

गेलं नाही.

"नाखवा म्हणालो, 'वाढ.'"

सर थांबले.

बाहेर काजूच्या झाडावर कावळा ओरडला, आणि उडाला. सर बोलत नव्हते. डोळे मिटलेलेच होते. ओठ मिटलेले होते. शाल्मली वाट बघत राहिली. मग वाट बघणंही थांबलं, आणि ती नुसती त्या घरात बसून राहिली, ओलिंदाच्या घरात, भिंतीला टेकून, आपण इथं आहोत हे कुणाला कळू नये अशी.

खूप वेळानं तिनंच विचारलं.

"सर… पुढचं वाक्य?"

"तू म्हण."

"मी?"

"तुझं झालंय ना ते. म्हण."

दोन शब्द. चहा गाळता गाळता झालेले. तिनं तोंड उघडलं…

आणि तिला ते म्हणवेना.

ती काही नाटकी मुलगी नव्हती. रडणाऱ्या मुलींचा तिला तिटकारा होता. पण तिच्या ध्यानात आलं होतं, की हे दोन शब्द आपल्या तोंडून गेले, की नाखवा बोलणार. नाखवा बोलला, की टोमे मेला. तोवर तो होता. उत्तरेच्या दर्यात कुठंतरी, भिजलेला, गारठलेला, पण होता. ओलिंदानं नाखव्याला एवढ्यासाठी धरून ठेवलं होतं. आणि ते शब्द आपण कितीदा मोठ्यानं वाचले! विभागात वाचले, मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवले, सुंदर आवाजात, शेवटी छोटासा विराम घेऊन, म्हणजे ऐकणारा वाहवा म्हणेल. प्रत्येक वेळी आपण त्या बाईचा मुलगा मारला, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. त्या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली, आणि भीतीही वाटली.

तिनं तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

सरांनी डोळे उघडले होते. ते तिच्याकडे बघत होते.

"मी किती चुकलो?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

"बोट किती वेळा वर झालं?"

"सर, मला खरंच नाही माहीत. मी मोजत नव्हते. मी…" ती थांबली. "मी इथं नव्हतेच."

सर हसले. पहिल्यांदाच हसले. पुढचे दोन दात नसलेलं, लहान मुलासारखं हसू ते. शाल्मलीला त्या हसण्याकडे बघताना विलक्षण वाटलं. या माणसाला पोर्तुगीज बोलणाऱ्या देशातल्या किती थोरामोठ्यांनी मान दिला होता, किती पदव्या त्याच्या कपाटात पडून होत्या. आणि तो एका म्हातारीच्या तोंडचे दोन शब्द तिच्या मुलासाठी आपल्या ओठांत धरून बसला होता, उभा जन्म. पोर्तुगीज त्याला येत होती, मराठी येत होती, मालवणी तर आईच्या दुधाबरोबर आली होती. शब्द नव्हते म्हणून तो थोडाच अडला होता?

तिला वाटलं, आपण कुणातरी फार मोठ्या माणसाच्या उंबऱ्यात उभे आहोत, आणि खुर्चीत आपण बसलोय. ती चटकन उठली. खाली चटईवर, सरांसमोर बसली. पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. मग आपला प्रबंध, सोनेरी अक्षरांत नाव छापलेला, तिनं उचलला आणि पिशवीत तळाशी घातला, वरून टॉवेल टाकला.

तिची बस सुटायची वेळ होत आली होती. तिला ते ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पण जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत.

"सर," ती म्हणाली. "लिस्बनवाले थांबणार नाहीत."

"नाही थांबायचे."

"विभागातले हसतील मला. एवढी शहाणी, आणि दोन शब्दांवर अडली म्हणतील."

"म्हणतील."

 फाटक्या चटईचा एक धागा तिनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. राग कुठं गेला, ते तिला कळलं नाही. तिला त्या घरातून हलावंसं वाटत नव्हतं.

"मी थांबते, सर," ती शेवटी म्हणाली. "पण किती दिवस थांबू? तुम्ही तर… तुम्ही अजून…"



सरांनी मिटलेलं पुस्तक छातीशी धरलं. ते बोलले तेव्हा आवाज इतका हळू होता, की आतल्या खोलीत कुणी पाहुणा असावा आणि त्याला ऐकू जाऊ नये, असं वाटावं.

"तो अजून जेवतोय, पोरी. जेवू दे त्याला."